जबाबात न उतरलेली बोली

‘सदर इसम घरी मिळून आला नाही.’ हे वाक्य मी 33 वर्षांत किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. दिवाणी कोर्टात बेलीफ म्हणून माझी नोकरी झाली. आधी पेणला, मधली काही वर्षं रोह्याला, शेवटी परत पेणला. समन्स घेऊन गावात जायचं, इसम मिळाला तर सही किंवा अंगठा घ्यायचा, न मिळाला तर दोन पंचांसमक्ष दाराला प्रत चिकटवायची आणि हे वाक्य लिहून अहवाल नाझरांच्या टेबलावर ठेवायचा. जप्तीचा हुकूम असला तर ढोल वाजवून दवंडी.

पेण तालुक्याच्या खारेपाटात, दादर-रावे-जोह्याच्या बाजूला, दार उघडून बाई म्हणायची, “त्यो खारीन जेलाय. पानी उतरला का येल.” या सात-आठ शब्दांत सगळं आलेलं असायचं. घरचा माणूस कुठे आहे, काय करतोय, कधी परतेल, आणि परतायची वेळ घड्याळ ठरवणार नाही, खाडी ठरवणार आहे. मी मात्र लिहायचो, ‘मिळून आला नाही’. कायद्याला तेवढंच हवं होतं आणि ते लिहिण्यात माझी काही चूकही नव्हती. पण परतीच्या एसटीत त्या बाईचं वाक्य कानात राहायचं. माझ्या कथा तिथून सुरू झाल्या. दिवाळी अंकांतून त्या छापून आल्या, काही परतही आल्या. आज सांगायचंय ते त्या कथांच्या मागचं: पेण-रोह्याकडच्या माणसाचा आवाज कागदावर कसा उतरत आला, कुणी उतरवला आणि कशासाठी.

कोर्टातला जबाब कसा तयार होतो ते आधी सांगतो, कारण माझे कान तिथेच तयार झाले आणि तिथेच बिघडलेही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो. वकील प्रश्न विचारतात. उत्तर साक्षीदाराचं असतं, पण कागदावर जातो तो प्रश्न आणि उत्तर एकत्र मळून केलेला एक गोळा. वकिलांनी विचारलं, “बांध तुमच्या वडलांच्या वेळेपासून आहे ना?” तो म्हणाला, “हाय ना.” टंकलेखक लिहितो, ‘सदरचा बांध माझे वडिलांचे हयातीपासून अस्तित्वात आहे.’ खोटं त्यात काही नाही. तरीही हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून जन्मात कधी निघालेलं नाही. मग ते वाचून दाखवतात, तो मान डोलावतो, आणि खाली येते निशाणी डाव्या अंगठ्याची.

वेळेचं तर विचारूच नका. खाडीकाठचा म्हातारा सांगतो, “चवथीची भरती उतरत होती.” ज्याला हिशेब येतो त्याला हे स्वच्छ कळतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे भरती उतरत होती तेव्हा साडेतीन-चार वाजले असतील. शिवाय चतुर्थी म्हणजे उधाण ओसरायला लागलेलं, भांगाची मंद भरती अजून चार दिवस लांब. पाण्याचा जोर किती असेल तेही त्याने सांगून टाकलेलं असतं. जबाबात येतं, ‘अंदाजे दुपारी चारचे सुमारास’. चार वाजले एवढं राहतं, खाडी पुसली जाते.

आणि बायका. नवऱ्याचं नाव विचारलं की जुन्या बायका गप्प व्हायच्या. पदर तोंडाशी नेऊन दाराकडे पाहायच्या. मग बाहेर बसलेला कुणी दीर किंवा मुलगा नाव सांगायचा आणि कागदावर लगेच यायचं, ‘माझे पतीचे नाव अमुक असे आहे’. त्या दोन क्षणांच्या शांततेत एका पिढीची रीत होती. ती शांतता कुठल्याच दप्तरात नाही. मी त्या वेळी दाराशी पुकारा करायला उभा असायचो, म्हणून मला ती ठाऊक आहे.

माझी पहिली मोठी कथा खारबंदिस्तीवरची. खाडीच्या पाण्यापासून भातशेती वाचवायला जे मातीचे बांध घालतात त्यांना एखाद्या रात्री उधाणात खांड पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं. एकदा शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं पीक नीट येत नाही. कथेतला म्हातारा रात्री बांधावर जातो आणि बोलत राहतो. मी त्याला भरपूर आगरी बोलायला लावलं होतं. ळ चा ल केला, ण चा न केला, गाडीची गारी आणि डोळ्याचा डोला केला. मला वाटलं, साधलं.

त्या गावात एक म्हातारी होती. तिच्या घरी मी तीनदा समन्स घेऊन गेलो होतो, भावकीच्या वाटणीच्या दाव्यात. दावा संपल्यावरही जाणं राहिलं. तिला मी कथा वाचून दाखवली. ती वाल सोलत होती. पोपटीचा मोसम होता, ओसरीत भांबुर्ड्याचा वास होता. शेवटपर्यंत तिने ऐकलं आणि म्हणाली, “ह्यो मानूस घरान बी कचेरीनच उभा हाय.”

त्या वाक्यानंतर पुढचं वर्षभर माझ्या हातून एक ओळ लिहिली गेली नाही. म्हातारीचं खरं होतं. मी उच्चार आगरी केले होते, वाक्यं जबाबाचीच होती. माझा म्हातारा रात्री एकटा बांधावर असूनही प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होता, जणू समोर साहेब बसलाय. कारण मी त्या लोकांना जे बोलताना ऐकलं होतं ते सगळं माझ्याशी, म्हणजे कोर्टाच्या माणसाशी, बोलताना. आपसात ते काय बोलतात, कसं बोलतात, मधे किती गप्प राहतात, हे मला माहीतच नव्हतं.

त्या वर्षात मी वाचत बसलो. आमच्या जिल्ह्याचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं. या कुलाब्याच्या माणसांना माझ्याआधी कुणी ऐकलं होतं का, ते शोधू लागलो.

सरकारने ऐकलं होतं. 1883 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा आणि जंजिरा हा खंड निघाला. त्यात आगरी आहेत, कातकरी आहेत, ठाकर आहेत, शिलोत्रीची खारजमीन आहे, मिठागरं आहेत. कोण काय खातं, काय नेसतं, लग्नात काय करतं, सगळं आहे. एकही माणूस मात्र त्यात बोलत नाही. सारा बसवायचा, जंगलं राखायची, लोक कोणत्या कामाचे हे ठरवायचं, यासाठी केलेली ती पाहणी. ती पाहणारी आहे, ऐकणारी नाही. तरी तिच्याशिवाय आज आपल्याला पुष्कळ गोष्टी कळल्या नसत्या, हेही मान्य केलं पाहिजे.

पुढे ग्रिअर्सनची भारतीय भाषांची पाहणी झाली. तिचा मराठीचा सातवा खंड 1905 साली आला, स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने तयार केलेला. नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले होते. प्रत्येक बोलीतून तीन गोष्टी मागवल्या होत्या. पहिली, बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं त्या बोलीत भाषांतर. दुसरी, बोलणाऱ्याच्या तोंडून जागच्या जागी उतरून घेतलेला मजकूर. तिसरी, ठरलेल्या 241 शब्द आणि वाक्यांची यादी. कुलाब्याची आगरी त्यात आहे. कातकरीही आहे, पण वारली, सामवेदी यांच्यासह ती ‘कोकणातल्या मोडक्या बोली’ या मथळ्याखाली टाकलेली आहे.

हा मथळा वाचला तेव्हा मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. कातकऱ्यांच्या बोलीला कान देऊन बसलं तर काहीही मोडकं सापडत नाही. मोडतो तो आपला कान. पण त्या पाहणीचा दुसरा नमुना, तोंडून उतरून घेतलेला, याचं मला मोल वाटतं. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना माणूस दुसऱ्याचं सांगत असतो. बाप धष्टपुष्ट वासरू कापून मेजवानी करतो हे आमच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या जिभेवर कसं बसलं असेल, देव जाणे. स्वतःचं सांगायला लागला की वाक्याची चाल बदलते. शंभर वर्षांपूर्वी ग्रिअर्सनने हा फरक ओळखला होता म्हणून तर दोन वेगळे नमुने मागवले. माझ्या कथेतल्या म्हाताऱ्याची अडचण हीच होती. तो पहिल्या नमुन्यातला होता.

कागदाने आमच्या माणसाचा आवाज घेतला त्याची आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोर्टाच्या जवळची आहे. खोतीच्या काळात कुळाकडून कबुलायत लिहून घेत. कागदावर कुळ म्हणतं, मी अमुक खंडी भात घालीन, न घातल्यास अमुक होईल. ‘मी’ कुळाचा, लेखणी दुसऱ्याची, वाचता येत नाही, अंगठा खाली. या व्यवस्थेविरुद्ध 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरीला शेतकरी जमले आणि जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटील पुढे होते. चरी-कोपर आणि आसपासच्या गावांचा तो संप 1939 पर्यंत चालला. बाबासाहेब आंबेडकर येऊन गेले, 1937 साली खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मुंबई विधानसभेत मांडलं. पोटाला काही नसताना सहा वर्षं जमीन ओसाड ठेवणं म्हणजे काय, याचा विचार खारेपाटात फिरलेल्या माणसाने करावा. मला त्या संपात एक दिसतं. अंगठ्याच्या वरचं वाक्य आमचं नाही, एवढं तरी त्या लोकांनी सगळ्या मुलखाला ऐकवलं.

पेण तालुक्यातच गागोदे आहे. विनोबा भावे तिथे 11 सप्टेंबर 1895 ला जन्मले आणि लहानपणाची वर्षं तिथे राहिले. त्यांची आई रुक्मिणीबाई कर्नाटकाकडची. तिला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठीतल्या गीता तिला जड वाटत. तू का नाही करत, असं तिने मुलाला म्हटलं होतं. आई 1918 ला गेली. ‘गीताई’ तिच्या माघारी, 1930-31 च्या सुमारास लिहून झाली आणि 1932 साली छापून आली. त्याच 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. फेब्रुवारी ते जून, 18 अध्यायांची 18 प्रवचनं. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळालं ते एका माणसाच्या ऐकण्यामुळे. गुरुजी स्वतः लेखक. त्यांना मधे आपलं वाक्य घुसवण्याचा मोह झाला नसेल का? तरी पुस्तक उघडलं की बोलणारा माणूस समोर बसलेला वाटतो, दाखले देत, मधेच वळणं घेत. मी टंकलेखकांच्या शेजारी आयुष्य काढलंय, म्हणून सांगतो, हे फार दुर्मीळ आहे. दोघांचंही ऐकणं कथेसाठी नव्हतं. पण विनोबांना आईचा कान माहीत होता आणि गुरुजींना विनोबांचा श्वास. कथालेखकाला आणखी काय लागतं?

कथेसाठी ऐकणारे दोन जण आमच्या शेजारच्याच डोंगरात सापडले. र. वा. दिघे वकिली शिकलेले गृहस्थ, पण राहिले खोपोलीकडे, शेती करून. ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ या त्यांच्या कादंबऱ्यांची नावंच पाहा, ती शेतकऱ्याच्या वर्षातून उचललेली आहेत. कायद्याच्या भाषेतून बाहेर पडून शेताच्या भाषेत गेलेला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल जवळीक वाटते. आज त्यांना फारसं कुणी वाचत नाही. वाचायला हवं.

दुसरे गो. नी. दांडेकर. जन्म वऱ्हाडातल्या परतवाड्याचा, 1916 चा, वस्ती तळेगाव दाभाड्याला, आणि पाय सगळ्या सह्याद्रीत. पोरवयात घर सोडलेला, गाडगे महाराजांबरोबर राहिलेला, नर्मदा परिक्रमा केलेला हा माणूस. त्यांची ‘जैत रे जैत’ ठाकरांची. पेणहून पनवेलकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो, अंगठ्यासारखा. त्या कड्याला आग्या मोहोळं लागतात. त्या डोंगराच्या आणि त्या माशांच्या भोवती नाग्या आणि चिंधीची गोष्ट फिरते. जब्बार पटेलांनी 1977 साली तिचा चित्रपट केला. मोहन आगाशे, स्मिता पाटील, भगताच्या कामात निळू फुले; महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत. चित्रपट सगळ्या महाराष्ट्राने पाहिला.

मी तो आधी पाहिला आणि पुस्तक मागाहून वाचलं. वाचताना पेन्सिल घेऊन बसलो होतो, उच्चार कसे लिहिलेत ते पाहायला. थोड्या वेळाने पेन्सिल खाली ठेवली. शोधायची जागाच चुकली होती. दांडेकरांची ठाकरं खरी वाटतात ती शब्द कसा मोडलाय त्याने नाही. ती एकमेकांशी बोलतात म्हणून. कथेतल्या लिंगोबाच्या डोंगराबद्दल बोलताना कुणी डोंगर म्हणजे काय ते सांगत नाही. देवाशी भांडतात ते देव घरातला असल्यासारखं. वाचणाऱ्याला एखादी गोष्ट कळली नाही तर न कळू दे, पुढे कळेल, इतका विश्वास त्या बोलण्यात आहे. मी माझ्या वाचकावर तो विश्वास टाकला नव्हता. सगळं फोडून सांगत बसलो होतो, जबाबासारखं.

मग मी कामाशिवाय गावात जायला लागलो. ऐकायला सोपं वाटतं, पण बेलीफाला ते फार कठीण. मला लांबून पाहिलं की लोकांचा आवाज बदलायचा. एसटीतून उतरलो की पोरं ओरडत पुढे पळायची. म्हणून आधी खाकी पिशवी घरी ठेवायला लागलो. सुट्टीच्या दिवशी जायचं, कुणाच्या तरी ओसरीत बसायचं, वही काढायची नाही. पहिले काही महिने लोक माझ्याशीच बोलत राहिले, जबाबातलं. मग हळूहळू त्यांना माझा कंटाळा आला आणि ते आपसात बोलू लागले. त्या कंटाळ्याचे माझ्यावर उपकार आहेत.

खारेपाटात जोळ असायची. बांधाची देखभाल गावाने मिळून करायची, ज्याची जमीन जेवढी तेवढा त्याचा वाटा, खांड पडली तर रात्री-अपरात्री सगळ्यांनी धावायचं. मी जोळीवर गेलो तो चिखल वाहायला. चिखलाचा गोळा हातोहात पुढे जाताना लोक काय बोलतात? पुष्कळसं काहीच नाही. मधे एखादा शब्द. “घे.” “दे.” “वर.” कुणाच्या तरी सासूबद्दल अर्धं वाक्य, त्यावर हसणं, आणि ते वाक्य कुणी पुरं करत नाही कारण सगळ्यांना पुढचं माहीत असतं. माझ्या कथेत असं अर्धं वाक्य एकही नव्हतं. उघाडीपाशी मात्र सगळे गंभीर व्हायचे. उघाडी म्हणजे बांधातली ती वाट, जिच्या फळ्यांमधून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि खाडीचं आत येऊ द्यायचं नाही. तिथे जो अनुभवी असेल तोच बोलायचा, बाकीचे ऐकायचे, वयाने मोठे असले तरी.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढचे विधी ती गाण्यातून चालवते. धवळ्यांची ही चाल जुनी आहे, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून ज्या महदाइसेचं नाव घेतात तिच्या नावावर तेराव्या शतकातले धवळेच आहेत. पेणजवळच्या एका गावात मी एका धवलारणीला विनंती केली, मला एखादं सांगा, लिहून घेतो. तिने दोनदा सुरुवात केली आणि थांबली. म्हणाली, मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही, कुणासाठी म्हणू? पुढच्या महिन्यात लग्न आहे, तेव्हा ये. गेलो. तेव्हा तिला आठवावं लागलं नाही, हात हळद कुटत होते आणि शब्द येत होते. त्या दिवसापासून मी कुणालाही ‘जरा बोलून दाखवा’ असं म्हटलेलं नाही.

रोह्याकडचं ऐकणं वेगळं. कुंडलिकेच्या काठचं हे गाव, पलीकडे काही कोसांवर 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं राज्य. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘नवाबी हद्द’ सहज यायची. जमिनीची शीव सांगताना एका बाजूला कंपनी सरकार अन् एका बाजूला नवाब, असं सांगणारे म्हातारे मी पाहिले. कोकणी मुसलमानांच्या घरची बोली, बाजारातली कुणब्यांची बोली, डोंगराकडून आलेल्या ठाकरांची, सगळ्यांचे सूर वेगळे. पेणकर, रोहेकर ही बेने इस्रायली आडनावं याच मातीतली. ‘शनवार तेली’ म्हणत त्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. त्यातले बहुतेक इस्राएलला गेले, पण तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. रोह्याची मराठी तिकडे कुणाच्या स्वयंपाकघरात अजून बोलली जात असेल, हा विचार मला सुखावतो.

धावीर महाराजांच्या पालखीला तर रोह्यात सगळे आवाज एकाच रस्त्यावर मिळतात. पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते आणि पालखी गावभर फिरते. मी पालखीमागे चालायचो ते कान उघडे ठेवून. देवाशी बोलताना माणूस कोणती बोली बोलतो, ते तिथे कळतं. आयुष्यभर कोर्टात ‘आपण’ म्हणणारा माणूस देवाला ‘अरे’ म्हणत होता.

कातकऱ्यांचं ऐकणं मला शेवटपर्यंत पुरतं साधलं नाही. काथ करणारे म्हणून काथोडी. जंगलावर सरकारची बंधनं आली, काथ गेला, मग कोळशाच्या भट्ट्या, त्याही गेल्या, मग वीटभट्ट्या. दिवाळीनंतर उचल घेऊन घरंच्या घरं भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मी गेलो की वाडीतली माणसं माझ्याशी मराठीत बोलायची, चांगल्या मराठीत. आपल्या पोरांशी वळून आपल्या बोलीत. दोन्हींच्या मधे एक पातळ भिंत होती, ती त्यांनी जाणूनबुजून ठेवली होती आणि ती ठेवण्याचा त्यांना हक्क होता. भट्टीवर एका संध्याकाळी पोरं कच्च्या विटांच्या ओळींमधे खेळत होती. एक पोर शेठ झाली होती, हिशेब मांडत होती. शेठ झाल्यावर ती मराठी बोलायची, मजूर झाली की कातकरी. कुणी शिकवलं नव्हतं. मी कातकरी माणसावर कथा लिहिली नाही ती त्यामुळे. ती त्या पोरांपैकी कुणीतरी लिहावी.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी, 21 सप्टेंबर 2008 ला, पेण तालुक्यातल्या 22 गावांत जनमत घेतलं गेलं. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्यायच्या की नाहीत, असा प्रश्न. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली ही गावं. मी ऐकायला गेलो. रांगेत एक बाई दुसरीला विचारत होती, काय लिहायचं? दुसरी म्हणाली, “नाय लिव.” त्या कागदावरचं ‘नाही’ तरी लिहिणाऱ्याचं होतं.

खारबंदिस्तीची कथा मी तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा ती निम्मी झाली होती. ळ आणि ण मी जवळजवळ सगळे परत जागेवर ठेवले. म्हाताऱ्याला एकटा ठेवला नाही, बरोबर त्याचा धाकटा भाऊ दिला, ज्याच्याशी त्याचं वाटणीवरून भांडण आहे. दोघे अंधारात बांधावर आहेत, खांड पडायला आलीय, आणि ते वाटणीबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. कामापुरतं बोलतात. “घे”, “दे”, “वर”.

ती घेऊन म्हातारीकडे गेलो. दिसायचं बंद झालं होतं तिला, ऐकायला येत होतं. बाहेर पाऊस होता, आवण तयार झालं होतं, घरची सगळी लावणीला गेली होती. मी वाचत होतो. म्हातारा भावाला म्हणतो की खांड इथेच बुजवू, ही जागा आली तेव्हा तिने हात वर केला. मी थांबलो. वाटलं, परत कचेरी निघाली.

“त्याला बोल,” ती म्हणाली, “आदी उघारीची फली बग. फली निसटलीय तवाच खारा पानी आयलाय. येरा हाय का तो?”

मी म्हटलं, आजी, तो ऐकत नाहीये, भावावर रागावलाय.

“मंग धाकट्याला बोल,” ती म्हणाली.